ओढ्यावरच्या दोन हाका

जवळ सरका. शेकोटीत आणखी दोन काटक्या घाला आणि तो कंदील विझवा. रॉकेलसाठी हल्ली रांगेत उभं राहावं लागतं, आणि मला बोलायला उजेड लागत नाही. ज्ञानू, तू इकडे समोर बस. उद्या तुझी सोबतीची पहिली पाळी, तेव्हा ही गोष्ट खरं तर तुझ्यासाठी आहे. बाकीच्यांनी फुकटात ऐकून घ्यावी. मध्येच कुणी फिदीफिदी हसलं तर मी सरळ उठून घरी जाईन. शाळा सोडून चार वर्षं झाली माझी, पण मास्तराचा राग काही शाळेत ठेवून येता येत नाही.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. शके अठराशे अठ्ठावन्न, मार्गशीर्ष शुद्ध चौथ, गुरुवार. तिथीवार एवढ्यासाठी सांगतो, की मास्तरांनी रचून सांगितलं असं उद्या कुणी म्हणायला नको. ज्याच्यावर हे गुदरलं तो कोंडिबा तुमच्यातल्या निम्म्यांचा चुलता लागतो. दोन वर्षांपूर्वी तो गेला. त्याच्याबद्दल खोटं बोलून मला काय मिळवायचं आहे? त्यानं मला हे त्याच रात्री, पहाटेच्या आधी, माझ्या ओट्यावर बसून सांगितलं. सांगताना त्यानं पाठ भिंतीला घट्ट लावून ठेवली होती.

त्या संध्याकाळी तो आला होता शाळेचा कंदील मागायला.

"मास्तर, आमच्या कंदिलाची काच तडकलीया. शाळंचा द्या आजच्या दिस. एक बाई आलीया, शिवंपातूर पोचवून येतो."

मी कंदील पुसून, वात कापून दिला. त्यात विशेष काही नव्हतं. चंपाषष्ठीच्या आठवड्यात घाटाखालच्या कोकणातल्या बाया आपल्या मार्गासनीवरून जेजुरीला जातात, हे तुम्ही लहानपणापासून पाहता आहात. मढे घाट चढायचा, वेल्हे, विंझर, मार्गासनी, नसरापूर, सासवड करत खंडोबाच्या पायरीला लागायचं. चार-चार, पाच-पाच जणी मिळून येतात. पण दरवर्षी काही एकट्याही असतात, कारण त्यांचा नवसच एकटीनं पायी जायचा असतो. अशा बाईला आपल्या गावानं पुढच्या गावच्या शिवेपर्यंत सोबत द्यायची. शिवेवर पुढच्या गावचा माणूस त्या आठवड्यात खोपट घालून बसलेला असतो, तो तिला तिथून पुढे नेतो. पाळी घराघरावर फिरते.

आता ही सोबत सुरू कशी झाली ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. सांगण्यासारखं नाहीच ते.

त्याआधी सहा वर्षं, अशीच एक एकटी बाई आपल्या गावातून गेली. दिवेलागणीला चावडीपाशी पाणी प्यायली आणि पुढे निघाली. पुढच्या गावाला पोचलीच नाही. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर तिचं गाठोडं सापडलं. आत एक लुगडं, नारळ आणि भंडाऱ्याची पुरचुंडी. पंच जमले. मीही होतो. दोन तास चर्चा झाली आणि शेवटी ठरलं काय, तर बाई कुणाबरोबर तरी पळून गेली. ओढ्याचा डोह कुणी ढवळून बघितला नाही. तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं, कारण पाणी देताना कुणी विचारलं नव्हतं. गावाचं नाव खराब व्हायला नको, एवढीच सगळ्यांना काळजी.

मग पुन्हा असं होऊ नये म्हणून सोबतीचा ठराव केला. तो लिहिला मी. माझं अक्षर चांगलं, म्हणून. 'सोबत्याने कंदील घेऊन पुढे चालावे. बाईने पंधरा पावले मागून यावे. शिवेपर्यंत सोबत्याने मागे वळून पाहू नये.' परक्या बाईबरोबर रात्रीचा गडी माणूस जाणार, उद्या कुणी बोट दाखवायला नको. वाट वळली की सोबत्यानं विचारायचं, "हाय का, आक्का?" तिनं म्हणायचं, "हाय, चला." एवढं बोलणं पुरे.

कोंडिबा या कामात पक्का होता, दुसऱ्यांच्या पाळ्याही स्वतःवर घ्यायचा. छाती पुढे काढून सांगायचा, "मास्तर, अकरा बाया पोचवल्या, एकीचंबी तोंड बघितलं न्हाई." आणि मी त्याची पाठ थोपटायचो.

तर त्या गुरुवारी जी बाई आली होती, तिचं नाव अंबूबाई. तिशीच्या आतबाहेरची, पायाला फडकी बांधलेली, हातात वेळूची काठी. चावडीच्या पायरीवर बसून भाकरी खात होती. तिची तीन वर्षांची मुलगी तापात डोळे फिरवून पडली होती, तेव्हा तिनं खंडोबाला बोलून टाकलं होतं, की पोर वाचली तर एकटी, अनवाणी, चंपाषष्ठीला येईन. पोर वाचली. सासूजवळ ठेवून ही निघाली. पण घाट चढताना पाय फुटले आणि एक दिवस मोडला. षष्ठी शनिवारी. मध्ये एकच पुरा दिवस उरला होता. म्हणून तिला रात्रीचंच निघायचं होतं. षष्ठी चुकली तर देव पोर परत घेईल, अशी तिची खात्रीच होती. कितीही सांगितलं तरी ती मुक्कामाला तयार होईना.

आणि तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. हळूच सांगितली.

"विंझरपासनं एक मानूस मागं हाय माज्या. मी थांबले का थांबतो. वहाना करकर वाजत्यात त्याच्या."

आम्ही रस्त्याकडे पाहिलं. कुणी नव्हतं. कुणीतरी म्हणालं, वाटसरू असेल, सडक काय बाईच्या बापाची आहे? दोघे हसले.

ती कोंडिबाला म्हणाली, "दादा, मला पुढं चालू द्या. कंदील तुमी मागनं धरा."

बघा, किती साधं मागणं होतं. ज्याची भीती होती तो मागून येत होता, आणि आमच्या ठरावानं आम्ही तिलाच मागे ठेवत होतो. कोंडिबानं माझ्याकडे पाहिलं. मी 'बरं' म्हटलं असतं तर त्यानं ऐकलं असतं. मी म्हणालो, "ठरल्याप्रमाणे चालावं."

कोंडिबाची बायको चंद्राबाई तिथंच उभी होती. ती म्हणाली, "मग म्या येती तिच्या मागनं."

"आन् येताना तुला कोन पोचवनार? गप घरी बस," कोंडिबा म्हणाला. पुन्हा सगळे हसले. मीही हसलो. ते हसू मला अजून आठवतं आणि स्वतःची लाज वाटते.

शाळेच्या घड्याळात आठाला दहा कमी होते तेव्हा ते निघाले.

थंडी मी म्हणत होती. चौथीची कोर तोरण्याकडे कलली होती, तिचा उजेड असून नसल्यासारखा. कोंडिबाच्या अंगावर घोंगडी, हातात कंदील. मागून काठी वाजत होती. टक... टक... मारुतीपाशी वाट वळली.

"हाय का, आक्का?"

"हाय, चला."

नदीच्या कडेनं अर्धा कोस असंच गेलं. मग कोंडिबाला ते ऐकू आलं. काठीच्याही मागं, बरंच लांब. करकर. करकर. नव्या कातड्याच्या वहाणा.

तो थांबला. काठी थांबली. करकरही थांबली.

"दादा," ती म्हणाली, "आला बगा त्यो."

"चला तुमी. म्या हाय न्हवं." कोंडिबानं घसा खाकरला आणि मोठ्यानं ओरडला, "कोन हाय रं तिकडं?" पण मान वळवली नाही. मानेवर ठराव बसला होता ना माझा.



ते पुढे निघाले. कोर तोरण्यामागं गेली. आता उजेड फक्त कंदिलाचा, आणि तोही कोंडिबाच्या पुढ्यात. त्याच्या अंगाची सावली मागं पडत होती. म्हणजे ती बाई पूर्ण अंधारात चालत होती. मी हे नंतर शाळेच्या अंगणात कंदील घेऊन करून पाहिलं. पुढच्याच्या सावलीत मागच्या माणसाला स्वतःचा पायसुद्धा दिसत नाही.

ओढा आला.

तुम्ही तो ओढा पाहिला आहे. मार्गशीर्षात घोट्याएवढं पाणी, मध्ये वाटोळे दगड, डाव्या अंगाला डोह. कुणीही ओलांडला तरी पाण्याचा आवाज होतोच. कोंडिबा पलीकडे गेला. चढण चढून वीस-पंचवीस पावलं पुढे जाऊन उभा राहिला, बाई पाण्यातून येईल म्हणून.

मागं काठी वाजली नाही.

करकरही नाही.

मग हाक आली. "दादा!"

आता एक सांगतो. तुम्हाला सगळ्यांना आईनं शिकवलं आहे, की रात्री पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्याही नाही. बाहेरची बाधा दोनदाच हाक मारते, तिसरी हाक माणसाचीच असते. तिसऱ्या हाकेला ओ द्यावी. कोंडिबालाही त्याच्या आईनं हेच शिकवलं होतं. त्यात ओढ्याचं ठिकाण, ज्याच्याबद्दल गाव आधीच कुजबुजत होतं.

"दादा!" दुसरी हाक. ही मध्येच तुटली.

कोंडिबा उभा. पाठ ओढ्याकडे. तो तिसऱ्या हाकेची वाट बघत होता.

तिसरी हाक येईना.

त्यानं मला सांगितलं, "मास्तर, म्या मोजत हुतो. शंभरपातूर मोजलं." तेवढा वेळ तो पंचवीस पावलांवर, कंदील हातात घेऊन, पाठमोरा उभा होता. चांगला माणूस हो. कुणाच्या वाईटावर नसलेला. त्या एका गोष्टीनं त्याचं पुढचं सगळं आयुष्य खाल्लं.

शंभर झाले. मग अगदी जवळून, खांद्यामागून...

"दादा."

तिसरी. पण पाणी वाजलं नव्हतं.

त्याला वाटलं, दगडावरून आली असेल. सुटल्यासारखं झालं त्याला. "हाय का, आक्का?"

"हाय. चला."

तो निघाला. दहा-वीस पावलं गेला. काहीतरी चुकत होतं. काय ते कळेना. मग कळलं.

"आक्का, काठी कुठं गेली तुमची?"



"मला काठी नव्हती."

 कोंडिबाला थांबायची हिंमत होईना. आवाज बाईचाच होता. थकलेला. पण अंबूबाईचा नव्हता... आणि पंधरा पावलांवरून येत नव्हता.

तो चालत राहिला. त्यानं कंदील दोन्ही हातांनी धरला.

"शीव किती लांब?"

"आ... आलीच. ही काय."

"मलाबी आलीच म्हनले हुते."

कोण म्हणाले, असं विचारायचं त्याच्या ओठांवर आलं. विचारलं नाही.  त्याला मानेवर गारवा जाणवत होता. वारा नव्हता. वात सरळ जळत होती. गारवा फक्त मानेवर.

आणखी थोडं.

"मागं बगा."

तो चालत राहिला. देवाचं नाव घेतो म्हणाला, पण कुठल्या देवाचं ते त्याला आठवेना.

"मागं बगा. ती ऱ्हायली."

कानाशी. अगदी कानाशी.

ठराव सांगत होता वळू नको. आईची शिकवण सांगत होती वळू नको. दोन्हीकडून एकच. आणि जी एकटी खरं सांगत होती, तिचं तो ऐकत नव्हता. मला विचाराल, तर त्या रात्री भीती खरी इथं आहे. त्या आवाजात नाही. एवढा मोठा गडी, आणि त्याला नुसती मान वळवता येईना, यात आहे.

"ती ऱ्हायली... मागं बगा..."

तो पळत सुटला.

शिवेच्या दगडापाशी उजेड दिसला. पुढच्या गावचा गेनू पळणारी पावलं ऐकून खोपटातून कंदील घेऊन बाहेर आला होता. गेनू अजून आहे, त्याला कुणीही विचारावं. पण दिवसा विचारा. रात्री तो या विषयावर बोलत नाही.

गेनू समोरून येत होता, म्हणजे कोंडिबाच्या पाठीमागचं सगळं त्याला दिसत होतं. कोंडिबाला फक्त गेनूचं तोंड दिसत होतं. गेनूनं कंदील वर धरला. कोंडिबाच्या खांद्यावरून मागं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कोंडिबा... बाई कुठाय?"

"मागं हाय की."

"मागं कोन न्हाई."

"आरं, हाय. आत्ता बोलत हुती."

"न्हाई, कोंडिबा. सडक मोकळी हाय."

 वाती जळत होत्या. आणि मग आवाज आला. कोंडिबाच्या मागून नाही. गेनूच्या मागून. शिवेच्या पलीकडून.

"आले मी. आता तिला आना."

...

गेनू म्हणतो, त्याच्या हातातला कंदील पडला. तो उचलायला वाकला आणि वर पाहतो तो कोंडिबा वळलेला. सोबतीच्या वाटेवर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कोंडिबानं मागं पाहिलं. समोर नुसता अंधार. आणि तो त्या अंधारात पळाला. "आक्का! आक्का!" गेनू त्याच्या मागून. अर्धा कोस दोघं थांबले नाहीत.

अंबूबाई ओढ्याच्या अलीकडच्या, आपल्या बाजूला होती. मोठ्या दगडाला पाठ लावून उभी. एका हातात काठी, दुसऱ्यात गाठोडं. लुगडं खांद्यावर फाटलेलं, दंडावर बोटांचे वळ. पण जिवंत, शुद्धीवर. कोंडिबा पाण्यात मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला.

तिनं जे सांगितलं ते असं. पाण्यात पाय घालायच्या आधीच त्या माणसानं तिला मागून धरलं. तिनं हाक मारली. कंदील थांबलेला तिला दिसला. दुसरी हाक मारली, तेवढ्यात त्यानं तोंड दाबलं. पलीकडे कंदील तसाच उभा होता. "म्या उजेडाकडं बगत हुते," ती म्हणाली. "म्हनलं, आता वळंल. आता वळंल."

कंदील वळला नाही.

मग डोहाच्या अंगानं एक बाई आली. डोक्यावरून पदर.  त्या माणसासमोर येऊन उभी राहिली, एवढंच. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याचे हात सुटले.

"त्यो एकच सबुद बोलला," अंबूबाई म्हणाली.

"काय?" कोंडिबानं विचारलं.

"म्हनला, 'तू?'"

...

ऐकलंत? परक्या बाईला कुणी असं विचारत नाही. ज्याला ती तिथं असणं शक्यच नाही हे पक्कं माहीत असतं, तोच असं विचारतो. सहा वर्षं ती पळून गेली म्हणून आम्ही चावडीवर बसून सांगत होतो, आणि डोहात काय आहे हे ठाऊक असणारा एक माणूस याच वाटेनं वहाणा करकरवत हिंडत होता.

तो ओढ्याच्या पात्रातून वर रानाकडे पळाला. कोण होता, कुठला होता, पुढे त्याचं काय झालं, आजवर कुणाला कळलं नाही. ती बाई त्याच्या मागं गेली नाही. अंबूबाईला म्हणाली, "हितंच थांब. म्या सांगावा देते." आणि पाण्यावरून कंदिलाच्या दिशेनं गेली. अंबूबाईनं खंडोबाची शपथ घेऊन सांगितलं, की पाणी हललं नाही.

तिथून पुढे कंदील अंबूबाईच्या हातात. ती पुढे, आणि हे दोघं गडी तिच्या मागून, मान खाली घालून. गेनूनं तिला घरी नेलं. त्याच्या बायकोनं, रतनबाईनं, दंडाला तेल चोळलं, फाटलेलं लुगडं टाचून दिलं आणि पहाटे नसरापुरापर्यंत ती स्वतः तिच्याबरोबर गेली. अंबूबाईनं शनिवारी दिवस मावळायच्या आत जेजुरीची पायरी गाठली. पुढच्या वर्षी ती मुलीला खांद्यावर घेऊन आली होती. मुलीनं माझी टोपी ओढली. मला इतका आनंद झाला, की मी त्या पोरीसमोर ओट्यावर बसून डोळे पुसले.

कोंडिबानं मात्र पुन्हा बढाई मारली नाही. रात्री कुणी हाक मारली की पहिल्याच हाकेला अंथरुणातून उठून ओ द्यायचा. मांजर ओरडलं तरी ओ द्यायचा. चंद्राबाईनं सात वर्षं त्याची झोपमोड सोसली आणि एकदाही तक्रार केली नाही.

आणि मी? आठ दिवसांत पंच बोलावले. जुना ठराव त्यांच्यासमोर फाडला आणि नवा लिहिला. बाई पुढे. कंदील तिच्या हातात. सोबती मागे, डोळे उघडे ठेवून. गावानं तिचं नाव विचारायचं आणि शिवेवर पुढच्या माणसाला नावानिशी सांगायचं. बाईला सोबतीला बाई हवी असेल तर दोघांनी जायचं. आणि हाक आली तर पहिल्याच हाकेला वळायचं. एक म्हातारे पंच म्हणाले, "मास्तर, आन् पयली हाक भुताची असली तर?" मी म्हणालो, "असली तर असली. त्यालाही सोबतच हवी असेल."

म्हणून ज्ञानू, उद्या नीट जा. ऐटीत मान ताठ ठेवू नकोस. चहूकडे बघ, दहा वेळा बघ. लोकांनी बोट दाखवलं तर माझ्याकडे पाठवून दे.

हं. एक राहिलं.

त्या पहाटे कोंडिबाचं सांगून झालं आणि मी त्याला म्हणालो, चल, मला ती वाट दाखव. आम्ही शिवेवर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. पाऊस होऊन दीड महिना झालेला, सडकेवर बोटभर धूळ. कोंडिबाची पावलं स्पष्ट दिसत होती, पळताना रुतलेल्या टाचांसकट. नंतरची त्याची, गेनूची आणि अंबूबाईच्या फडकी बांधलेल्या पायांची सोडली, तर दुसऱ्या कुणाची नव्हती. ओढ्यापासून शिवेपर्यंत मी वाकून वाकून पाहिलं. एकही नाही.

शिवेच्या दगडापलीकडे होती.

बाईची. अनवाणी, लहानशी. दगडापासून सुरू झालेली आणि नसरापूरच्या वाटेनं निघालेली. सावकाश चालल्यासारखी, एकापुढे एक. कोरड्या धुळीत ती ओली होती. टाचेच्या खळग्यात पाणी साचलेलं होतं. मी त्यांच्या कडेकडेनं गेनूच्या गावापर्यंत गेलो आणि तिथून परतलो. पावलं पुढे जातच होती.

दुपारी शाळा सुटल्यावर मी पुन्हा एकटा गेलो. मधल्या वेळात त्या सडकेवरून भाताच्या तीन गाड्या गेल्या होत्या. चाकांच्या चाकोऱ्या पावलांवरून गेलेल्या मला दिसत होत्या.

पावलं तशीच होती. ओली.